परीक्षणात ‘संथ’ लिहिलंय, म्हणजे नेमकं काय बिघडलंय?

प्रश्न थोडक्यात असा. ८८ मिनिटांचा मानसशास्त्रीय थरारपट, एकच फ्लॅट, चार पात्रं, १६ दिवसांचं शूट. झोप उडालेल्या एका बाईला वाटू लागतं, की या घरात आपल्याशिवाय आणखी कुणीतरी राहतंय. चित्रपट प्रदर्शित झाला, नऊ परीक्षणं आली, त्यांतली चार बरी. उरलेल्यांत त्याच चार तक्रारी फिरून फिरून येतात: ‘वातावरण छान, पण संथ’, ‘शेवट फसवा’, ‘तांत्रिक बाजू कच्ची’ आणि ‘मानसिक आजाराचं ढोबळ चित्रण’. बजेट कमी होतं म्हणून समीक्षकांनी हात आखडता घेतला का, आणि आता पुन्हा संकलन करून महोत्सवांना पाठवण्यात अर्थ आहे का, असं विचारलंय.

बजेटचा संशय आधी काढून टाका. या प्रकारात गरिबीचे गुण कुणी कापत नाही. १९९८ चा ‘फॉलोइंग’ साधारण ६,००० डॉलरमध्ये, कृष्णधवल १६ मिमी फिल्मवर, वर्षभर शनिवारी शनिवारी शूट करून पुरा झाला. पुढच्या वर्षी रॉटरडॅमच्या महोत्सवात त्याला टायगर पुरस्कार मिळाला. १९९८ चाच ‘पाय’ ६०,००० डॉलरच्या आसपासचा, आणि सनडान्सला दिग्दर्शनाचं पारितोषिक त्याने नेलं. दोन्हींत पैशाची चणचण पडद्यावर दिसते, पण ती कुणीतरी विचार करून घेतलेल्या निर्णयासारखी दिसते. ‘फॉलोइंग’मध्ये दिवे परवडत नव्हते म्हणून खिडकीचा उजेड. आणि खिडकीच्या उजेडातल्या चुका रंगीत फिल्मपेक्षा कृष्णधवल फिल्म जास्त पोटात घालते, म्हणून कृष्णधवल. फिल्म महाग म्हणून तालमी इतक्या, की एक-दोन टेकमध्ये शॉट ओके. समीक्षकाला खटकतो तो अर्धवटपणा: मोठ्या चित्रपटासारखं दिसायचा प्रयत्न आणि तिथवर न पोचलेला हात.

परीक्षण वाचण्याची एक रीत आहे. समीक्षक पोटात दुखतंय एवढं सांगतो. ते अपचन आहे की अपेंडिक्स, हे शोधणं चित्रपट करणाऱ्याचं काम. ‘संथ’ हा शब्द या बाबतीत सगळ्यांत फसवा, म्हणून त्याच्यापासून सुरुवात.

‘संथ’ वाचलं की लोक संकलकाला शॉट आखूड करायला सांगतात. चित्रपट ८८ वरून ८१ मिनिटांवर येतो आणि तरी संथच वाटतो, कारण शॉटच्या लांबीशी या तक्रारीचा फारसा संबंध नसतो. प्रेक्षक एखाद्या गोष्टीची वाट बघत असेल तर तीन मिनिटांचा स्थिर शॉटही तो श्वास रोखून बघतो. प्रेक्षक चित्रपटाच्या पुढे गेला, किंवा त्याला नवं काही कळेनासं झालं, की तो कंटाळतो. हे मोजता येतं. प्रत्येक दृश्याची एक ओळ करा आणि तीन रकाने आखा: खरं काय घडलं, नायिकेला काय वाटलं, प्रेक्षकाला काय कळलं. लागोपाठ दोन दृश्यांत तिसरा रकाना बदलला नाही, तर परीक्षणातला ‘संथ’ तिथेच जन्माला आला असं समजा. एका घरातल्या कथेत हा खड्डा बहुतेक वेळा ३० ते ५५ मिनिटांच्या पट्ट्यात सापडतो. आवाज येतो, ती उठते, दार ढकलते, आत कुणी नाही. पुन्हा आवाज. हे आवर्तन फार तर तीनदा चालतं, आणि दर वेळी तिला काहीतरी गमवावं लागलं पाहिजे. पहिल्यांदा झोप जाते, दुसऱ्यांदा कुणाचा तरी विश्वास जातो, तिसऱ्यांदा हातातला पुरावा.

एक दृश्य जवळून बघू. सकाळ, स्वयंपाकघर, ओट्यावर दोन पेले. एक तिने रात्री वापरलेला. दुसरा कुणाचा? सरधोपट मांडणीत ती पेल्याकडे बघते, क्लोज-अप, डोळे विस्फारलेले, खाली संगीत चढतं. ७० सेकंद जातात. हातात काय आलं? ती घाबरली, हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक होतं. आता दुसरी मांडणी: ती दुसरा पेला उचलते, धुते, कोरडा पुसते आणि फळीवर सगळ्यांत मागे ठेवते. तेवढ्यात बहीण आत येते आणि ती पहिलाच पेला धुवायला घेते, जणू दुसरा नव्हताच. २५ सेकंद, संगीत नाही. पण तिला स्वतःचाच संशय येतोय, आणि ती तो लपवतेय, हे आत्ता कळलं. तिसरा रकाना बदलला. पुढची पाच मिनिटं प्रेक्षक तिच्या हातांकडे बघत बसेल.

‘संथ’चं आणखी एक कारण म्हणजे हरवलेला काळ. घराबाहेर पडायचं नाही म्हटल्यावर तीन दिवस गेले की तीन आठवडे, हे कळेनासं होतं, आणि काळ कळत नसला की उतरणही जाणवत नाही. १९६५ च्या ‘रिपल्शन’मध्ये यावर दोन वस्तू आहेत: शिजवायचा राहून गेलेला सोललेला ससा आणि मोड येत चाललेले बटाटे. ससा सडत जातो तसं त्या चित्रपटातल्या मुलीचं काय होतंय ते कुणी बोलून दाखवावं लागत नाही. अशी एकच वस्तू निवडा आणि तिला दर आठ-दहा मिनिटांनी स्वच्छ फ्रेम द्या. नायिकेच्या नखांवरचं उडत चाललेलं नेलपॉलिश हा फार चांगला मार्ग आहे. खर्च शून्य, आणि कंटिन्युइटीचा (शॉटमागून शॉट जुळावा म्हणून ठेवायचा) फोटो काढायलाही सोपं.

शूटच्या आधीच करायची गोष्ट म्हणजे प्रत्येक दृश्याला नायिकेच्या जागरणाचा आकडा, ० ते १०. तो कॉल शीटवर, म्हणजे रोजच्या शूटच्या वेळापत्रकावर, छापा. मेकअप, केस आणि अभिनय तिघांनी त्याच आकड्यावरून काम करायचं. एकच लोकेशन असण्याचा मोठा फायदा हा, की कथेच्या क्रमाने शूट करता येतं. इतर नटांच्या तारखांमुळे क्रम मोडलाच, तर निदान तिच्या एकटीच्या दृश्यांचा सांभाळा. सकाळी आकडा ८ आणि दुपारी आकडा २ असा दिवस लावू नका. चेहऱ्यावरचा थकवा पुसून निघत नाही. हिशेबही तपासा. पटकथेचं एक पान म्हणजे अंदाजे एक मिनिट, म्हणजे ८८ पानं १६ दिवसांत, रोज साडेपाच पानं. छोट्या युनिटला दिवसाला १८ ते २२ सेटअप (कॅमेरा आणि दिवे नव्याने लावणं) झेपतात. ३५ लिहिले, की शेवटचे काही मध्यरात्री एकाच मास्टर शॉटमध्ये, म्हणजे अख्खं दृश्य एका लांबच्या शॉटमध्ये, उरकले जातात, आणि नेमके तेच दिवसातले सगळ्यांत नाजूक क्षण असतात.

आता ‘शेवट फसवा’. यात दोन वेगळ्या तक्रारी एकत्र झालेल्या असतात: ‘मला ओळखता आलं नाही’ आणि ‘चित्रपट माझ्याशी खोटं बोलला’. पहिली तक्रार म्हणजे दाद. दुसरी खरी. पात्र खोटं बोललं तर प्रेक्षक माफ करतो, कॅमेरा खोटं बोलला तर नाही. हिचकॉकच्या १९५० च्या ‘स्टेज फ्राइट’मध्ये सुरुवातीचा फ्लॅशबॅक पुढे खोटा निघतो. त्यावर नाराजी ओढवली, आणि ही चूक होती असं हिचकॉकने पुढे फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोशी झालेल्या मुलाखतीत स्वतःच कबूल केलं. म्हणजे हा नियम मोडणं भल्याभल्यांनाही जड गेलंय.

तुमच्या कथेतला ‘दुसरा’ तिच्या मनातला आहे असं धरलं, तर तो दिसतो किंवा ऐकू येतो असा प्रत्येक शॉट कागदावर उतरवा आणि पुढे लिहा: हे कोण बघतंय? ती खोलीतून गेल्यावर तो एकटा फ्रेममध्ये उरला का? कुणाचंही लक्ष नसताना दाराची कडी हलली का? तटस्थ लाँग शॉटमध्ये, कुणाच्याच नजरेतून नसताना, दोघं एकत्र दिसले का? बहीण चुकून त्याच्या खुर्चीला वळसा घालून गेली का? अशा ४०-५० शॉटमध्ये गुन्हेगार साधारण तीन-चारच निघतात. बहुतेक वेळा ते शेवटच्या दिवशी ‘असू दे, लागेल’ म्हणून घेतलेले इन्सर्ट, म्हणजे वस्तूंचे सुटे जवळचे शॉट, असतात, आणि संकलनात जागा भरायला वापरलेले. ते काढा. न काढता येणाऱ्या ठिकाणी आधी तिच्या नजरेचा एक शॉट जोडला तरी खोटेपणा निघून जातो, कारण आता ते तिचं बघणं झालं.

उलगड्याचा सूर हा पुढचा मुद्दा. रहस्य फुटल्यावर किती वेळ समजावून सांगताय? ‘सायको’च्या शेवटी मानसोपचारतज्ज्ञ सगळं फोड करून सांगतो, आणि त्या चित्रपटावर जीव टाकणारेही त्या दृश्याबद्दल आजतागायत कुरकुरतात. आधीचे धागे पुन्हा दाखवणारी मालिका हवीच असेल तर पाच-सहा शॉट, १२ सेकंदांच्या आत. त्याहून लांबली की प्रेक्षकाला मंद समजल्यासारखं होतं. त्याऐवजी धागा आधी तीनदा पेरा आणि त्यातला एकदा तरी प्रेक्षकाचं लक्ष दुसरीकडे असताना. चाचणी घेताना चित्रपट माहीत नसलेले आठ-दहा जण बसवा, पण ‘आवडला का’ विचारू नका. ३० व्या मिनिटाला थांबवा आणि प्रत्येकाला कागदावर एक ओळ लिहायला सांगा: या घरात कोण आहे? सगळ्यांनी एकच लिहिलं तर शेवट आधीच फुटलाय. कुणालाच काही लिहिता आलं नाही तर धुकं फार झालंय. दोन उत्तरांत गट फुटला, की गाडी रुळावर आहे.

‘तांत्रिक बाजू कच्ची’ याचा अर्थ जवळजवळ नेहमी आवाज कच्चा. चित्रात दाणे दिसले तर लोक त्याला शैली म्हणतात. डब्यातून आल्यासारखा संवाद मात्र कुणी सहन करत नाही. उघड्या भिंतींचा फ्लॅट म्हणजे घुमणारा आवाज. फ्रेमबाहेर स्टँडवर दोन-तीन जाड ब्लँकेटं, एक बूमच्या (काठीवरच्या माईकच्या) खाली जमिनीवर. बूम तोंडापासून ४० ते ६० सेंटिमीटर, कपड्यांवर लावायचा लेपल माईक केवळ आधाराला. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, संवादाची शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास. कुजबूज आणि किंकाळी एकाच टेकमध्ये असेल तर दुसरा ट्रॅक कमी लेव्हलवर समांतर घ्या. फ्रिज बंद करा, आणि कुणाची तरी गाडीची किल्ली त्यात ठेवा, म्हणजे तो चालू केल्याशिवाय कुणी घरी जाणार नाही. जुनी युक्ती आहे, कधी चुकत नाही.

रूम टोन, म्हणजे कुणी बोलत नसतानाचा खोलीचा स्वतःचा आवाज, हा या प्रकाराचा प्राण. प्रत्येक खोलीत, सगळं युनिट जागच्या जागी उभं, दिवे लावलेले, पूर्ण ६० सेकंद, दिवसाचा वेगळा आणि रात्रीचा वेगळा. थरारपटातली शांतता या टोनवर उभी असते. तो नसला की दोन संवादांमध्ये पूर्ण पोकळी येते, आणि ती पोकळी भीतीसारखी न वाटता स्पीकर बिघडल्यासारखी वाटते.

आणि आता ‘संथ’चं ते कारण, जे कुणी शोधत नाही. तुमचं वातावरण ३० ते ५० हर्ट्झच्या खोल घरघरीवर उभं असेल, तर स्टुडिओत ते अंगावर येतं. समीक्षकाने चित्रपट लिंकवरून लॅपटॉपवर बघितला. लॅपटॉपचे स्पीकर साधारण १५० हर्ट्झच्या खाली जवळजवळ मुके. म्हणजे त्याच्यापुरती ती दोन मिनिटं एक बाई रिकाम्या बोळाकडे बघत उभी आहे, बस्स. त्याने संथ नाही तर काय लिहायचं? त्या घरघरीला सॅच्युरेशन (हलकी विकृती) देऊन १५० ते ४०० हर्ट्झमध्ये हार्मोनिक्स, म्हणजे तिचेच वरचे सूर, आणा. त्याहून बरं म्हणजे दहशत एखाद्या वस्तूच्या आवाजाला बांधा, जो फोनवरही ऐकू येईल: गळणारा नळ, चालू होणारी लिफ्ट, अचानक थांबणारा फ्रिजचा कॉम्प्रेसर. थांबलेला आवाज फार कामाचा असतो.

थिएटरसाठी केलेला मिक्स (सगळ्या आवाजांची अंतिम जुळणी) तसाच लिंकवर चढवणं ही याचीच जोडचूक. कुजबूज ऐकू येत नाही म्हणून बघणारा आवाज वाढवतो, पुढच्या दचक्याला कान फुटतात, आणि परीक्षणात ‘सवंग धक्के’ असा शब्द उमटतो. घरगुती स्पीकरसाठी वेगळा मिक्स करा. युरोपीय प्रसारणाचं मानक उणे २३ एलयूएफएस (सरासरी आवाज मोजायचं एकक), नेटफ्लिक्सची मागणी संवादावर मोजून उणे २७. तुमचा आकडा या दरम्यान कुठेही असला तरी संवाद एका पातळीत राहायला हवा. शेवटी तीन ठिकाणी ऐकायचं: हॉल, लॅपटॉप, इअरफोन.

चित्राबाबत एकच गोष्ट, अंधार. शूटच्या वेळीच काळोख केला, की सावल्यांत नॉइज येतो, आणि लिंकच्या कॉम्प्रेशनमध्ये त्याचे भिंतीवर सरकणारे चौकोन होतात. एखादा स्टॉप (म्हणजे दुप्पट उजेड) उजळ शूट करा, १० बिटमध्ये, म्हणजे जास्त छटा टिकतात, आणि ग्रेडिंगला (नंतरच्या रंगसंस्काराला) खाली आणा. फ्रेममध्ये कुठेतरी एक दिवा, खिडकीची फट किंवा फोनची स्क्रीन ठेवा, म्हणजे डोळ्याला काळं ते काळं वाटतं, राखाडी नाही. स्वस्त एलईडी मंद केले की लुकलुकतात. ५० हर्ट्झच्या विजेवर शटर १/५० किंवा १/१००, ६० वर १/६० किंवा १/१२०, आणि तरीही एक चाचणी शॉट मोठ्या पडद्यावर बघूनच पुढे जा.

मानसिक आजाराच्या तक्रारीवर वाद घालू नका. इथे समीक्षक बहुधा बरोबर असतो. स्किझोफ्रेनिया म्हणजे दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व नव्हे. त्यात माणसं दिसण्यापेक्षा आवाज ऐकू येणं जास्त आढळतं. गोळी घेतली आणि सकाळी डोकं ताळ्यावर, असं होत नाही; अनेक औषधांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. आजारी माणूस म्हणजे हिंसक माणूस हे समीकरण तर सगळ्यांत आळशी, कारण असे रुग्ण हिंसा करण्यापेक्षा तिला बळी पडण्याची शक्यता जास्त. गंमत म्हणजे तुम्हाला यातल्या कशाचीच गरज नाही. अनेक दिवसांच्या जागरणाने धडधाकट माणसालाही भास होऊ शकतात, आणि तुमच्या नायिकेची झोप पहिल्या दृश्यापासून उडालेली आहे. डॉक्टरच्या तोंडचं ते आजाराचं नाव काढा. त्याची पाठ कॅमेऱ्याकडे असेल त्या शॉटवर नवं वाक्य डब करा. पुढच्या पटकथेचा दुसरा खर्डा मानसोपचारतज्ज्ञाला वाचायला द्या, शूट संपल्यावर नव्हे.

आकड्यांचं. नऊपैकी चार म्हणजे ४४ टक्के. परीक्षणं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावरची टक्केवारी म्हणजे किती जणांनी अनुकूल लिहिलं त्याचं प्रमाण. किती आवडला याचा तो आकडा नाही. नऊ परीक्षणांत एकाचं मत फिरलं की ११ टक्के हलतात, आणि तिथे चित्रपट ‘फ्रेश’ ठरवणारी ६० टक्क्यांची रेघ ओलांडायला दोनच मतं पुरतात. मेटाक्रिटिक हे तसंच दुसरं संकेतस्थळ भारित सरासरी काढतं आणि चार परीक्षणांखाली आकडाच देत नाही. इतक्या थोड्या परीक्षणांत टक्के बघू नका, वाक्यं बघा.

त्याआधी ट्रेलर बघा. ट्रेलरमध्ये तीन दचके आणि अख्ख्या चित्रपटातही तेच तीन, असं असेल तर तुम्ही भयपट विकलात आणि दुसरंच काही दाखवलंत. २००६ चा ‘बग’ हे याचं ठसठशीत उदाहरण: ४० लाख डॉलर, बराचसा एका मोटेलच्या खोलीत. कानला डायरेक्टर्स फोर्टनाइट विभागात आंतरराष्ट्रीय समीक्षक संघाचं पारितोषिक. वर्षभराने अमेरिकेत भयपट म्हणून लागला आणि पहिल्या दिवशीच्या प्रेक्षकांनी सिनेमास्कोअर या प्रेक्षक-मतचाचणीत त्याला एफ दिला, म्हणजे तळाची श्रेणी. चित्रपट तोच होता.

समीक्षक चित्रपट कुठे आणि कुणाबरोबर बघतो, यानेही फरक पडतो. १९६० मध्ये ‘पीपिंग टॉम’ला ब्रिटिश समीक्षकांनी अक्षरशः सोलून काढलं. त्याच वर्षी ‘सायको’, सुमारे आठ लाख डॉलरचा आणि बराचसा दूरचित्रवाणीच्या युनिटने केलेला, समीक्षकांना आगाऊ दाखवलाच नाही. त्यांना तिकीट काढलेल्या गर्दीत बसून बघावा लागला. न्यूयॉर्क टाइम्सच्या बॉस्ली क्रॉदरने आधी कोमट लिहिलं आणि वर्षअखेरीस त्यालाच दहा उत्तम चित्रपटांत बसवलं. छोट्या चित्रपटाने समीक्षकांपासून लपण्यात अर्थ नाही, लपलात तर कुणी शोधायलाही येणार नाही. पण ३०-४० प्रेक्षकांसह हॉलमधला एक खेळ लावता आला तर लिंकपेक्षा तो लावा. लिंकच द्यायची तर दोन-तीन आठवडे आधी, १०८० पीला निदान ८ ते १० एमबीपीएस, आणि पत्रात एकच ओळ: इअरफोन लावून, दिवे मालवून बघावा. सोबत सेटवर स्टिल फोटोग्राफरने काढलेली चार-सहा छायाचित्रं. व्हिडिओतून उपसलेल्या फ्रेम छापल्या की मातकट दिसतात.

पुन्हा संकलनाचं उत्तर: करा, पण कशासाठी ते ओळखून. ज्यांनी लिहिलंय ते पुन्हा लिहिणार नाहीत, आणि प्रदर्शित झालेला चित्रपट अनेक महोत्सवांच्या स्पर्धा विभागात बसत नाही, तेव्हा शुल्क भरण्याआधी प्रीमियरचा (चित्रपट आधी कुठे दाखवलेला चालतो, याचा) नियम वाचा. नवी आवृत्ती कामी येईल ती स्ट्रीमिंगसाठी आणि अजून न पोचलेल्या देशांसाठी. क्रम असा ठेवा: आधी कॅमेऱ्याची खोटी साक्ष देणारे शॉट, मग डॉक्टरचं वाक्य, मग ३० ते ५५ मिनिटांमधली आवर्तनं, आणि संकलन गोठल्यावरच नवा मिक्स. मिक्स आधी केला तर पैसे दोनदा जातील. रिशूट एक दिवसाचं, फक्त नायिका, हात आणि नजरेचे शॉट. तिचे केस आता वेगळे असतील, म्हणून फ्रेम खांद्याच्या खाली ठेवा किंवा पाठीमागून घ्या. नेलपॉलिशचा मूळ रंग मात्र आजच शोधून ठेवा.